तीन रेघा

दाढ दुखतेय असं खोटं सांगायला जगात एकच जागा वाईट असेल, आणि ती नेमकी त्याच जागी उभी होती.

साडेबाराला दहा मिनिटं कमी होती. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण त्या कारखान्यात सहा घरांची पोटं दातांवरच भरत होती. कुणी प्लास्टरचे साचे ओतायचं, कुणी मेणात दात लावायचं, कुणी तयार झालेल्या कवळ्या घासूनपुसून चकाकवायचं. अशा ठिकाणाहून भर कामाच्या वेळी दुसरीकडे मुलाखतीला पळायचं, तर माणसानं डोकं दुखतंय म्हणावं, पोट दुखतंय म्हणावं. तिनं आठवडाभर विचार करून पोटदुखी ठरवली होती. सकाळी आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिली होती. पण ऐन वेळी काकांसमोर उभी राहिली आणि तोंडातून भलतंच निघालं.

"काका, दाढ फार दुखतेय. तासभर जाऊन येते."

काका म्हणजे मालक. तिच्या वडिलांचे एकतीस वर्षांचे दोस्त, म्हणून तिचे काका. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुठली?"

"अं?"

"दाढ कुठली? वरची का खालची?"

"खालची."

"बाजू?"

"डावी."

"आ कर."

आता काय करणार? तिनं आ केला. काकांनी टेबलावरची विजेरी उचलली. मेणवाला आपली सुरी तशीच हातात धरून आला. पॉलिशवाल्या मावशींनी यंत्र बंद केलं, तोंडावरचा फडका खाली ओढला आणि काकांच्या खांद्यावरून डोकावल्या. तीन डोकी तिच्या तोंडात, आणि भिंतीवरचं घड्याळ त्या डोक्यांच्या मधोमध.

"दाढ तर राजासारखी बसलीय," काका म्हणाले.

"हिरडीसुद्धा गुलाबी आहे," मेणवाला म्हणाला. "नमुन्याला ठेवावी अशी."

"सकाळी त्याच बाजूनं शेंगदाणे फोडत होतीस की गं!" मावशी म्हणाल्या.

"आत असेल. मुळाशी," ती उघड्या तोंडानं जमेल तसं म्हणाली.

"मुळाशी? मग उशीर नको." काकांनी लगेच फोन उचलला आणि ज्यांची कामं त्यांच्याकडे यायची त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंना लावला. दोन मिनिटांत सगळं ठरलं. "एक वाजता ये म्हणाल्या. जेवणाची सुट्टी सोडून तुला बघणार आहेत. त्यांच्यासमोर नाटकं करू नकोस, सुई टोचली की ओरडू नकोस. तुझ्या बापाची अब्रू आहे तिथे."

तिनं पर्स उचलली. दारापर्यंत मावशी सोबत आल्या. त्यांची नजर तिच्या पायांवर गेली, मग ओठांवर.

"नवी चप्पल. लाली," त्या हळूच म्हणाल्या. "दाढ दाखवायला चाललीस का दाढवाल्याला पसंत पडायला?"

"मावशी, तुमचं काहीतरीच."

"जा गं बाई, जा. मी कुठे काय पाहिलंय?"

रस्त्यावर आल्यावर ती आधी भरभर चालली, मग पळाली, मग पळताना कुणी बघेल म्हणून पुन्हा चालायला लागली. चोराच्या मनात चांदणं. फळवाल्यानं नेहमीसारखा हात वर केला, तर तिला वाटलं, यालाही कळलंय. नवी जागा पायी वीस मिनिटांवर होती. एकला तिथे पोचायचं आणि दोनच्या आत परत यायचं. डॉक्टरीणबाई वाट बघतील, मग काकांना फोन करतील. तो कधी करतील, एवढाच प्रश्न होता. पहिल्या सिग्नलला तिनं नखांकडे पाहिलं. नखांत प्लास्टर होतं. घराच्या किल्लीच्या टोकानं ती एकेक नख कोरू लागली. दिवा हिरवा झाला, मागचे लोक पुढे गेले, तिची चार बोटं राहिली होती. ती तिनं पुढच्या सिग्नलला उरकली.

कामाला ती काही कालची नव्हती. बाबांनीच तिला हाताला धरून तिथे आणलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. बाबांना जाऊन चार महिने. खिडकीजवळचं टेबल त्यांचं होतं. तोंडातले पुढचे सहा दात लावावेत तर त्यांनीच. कवळी घातलेला माणूस हसला तर कवळी दिसू नये, माणूस दिसावा, ही त्यातली मेख. ते एक दात केसभर वळवायचे, एक जरा आखूड ठेवायचे, आणि निर्जीव ओळीत जीव यायचा. त्या धंद्यात प्रत्येक कारागिराची एक खूण असते. कवळीच्या आतल्या अंगाला, मागच्या कडेशी, सुईनं ओरखडलेली. काम परत आलं तर कुणाचं ते कळावं म्हणून. बाबांची खूण तीन रेघा, चिमणीच्या पावलासारख्या. डॉक्टर मंडळी नाव घ्यायची नाहीत, म्हणायची, "तीन रेघांची द्या."

पण शेवटच्या दोन वर्षांतल्या तीन रेघा बाबांच्या नव्हत्याच.

बाबांचा हात थरथरायला लागला होता. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग उठल्यापासूनच. ते सगळ्यांकडे पाठ करून बसायचे, शेजारी ती. तिच्या पुढ्यातलं हलकं काम ते स्वतःकडे ओढायचे आणि त्यांच्या पुढ्यातली कवळी तिच्याकडे सरकवायचे. सुरुवातीला एकेक दात बोलून लावून घ्यायचे. "सुळा आत. हां, थांब. साचा बघू नकोस गं, माणूस बघ." पुढे पुढे बोलणं कमी झालं. शेवटच्या वर्षात तर ते पुढ्यात नुसतं काहीतरी धरून बसायचे, आणि कवळी पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्या हातची असायची. खूण मात्र ते हट्टानं स्वतः ओरखडायचे. तीन रेघांच्या सहा व्हायला लागल्या, तेव्हा सुईसुद्धा त्यांनी तिच्याकडे सरकवली. "एवढं कुणाला सांगू नकोस," म्हणाले. "काकाला तर नाहीच नाही." तिनं सांगितलं नाही. आईला माहीत होतं, पण आई घराबाहेर अवाक्षर काढणारी नव्हती.

बाबा गेल्यावर काकांनी भरल्या डोळ्यांनी ते टेबल तिला दिलं. "तुझी खूण तू घे, बाळ," म्हणाले. तिनं एक बारीकसा गोल घेतला. आणि सहा आठवड्यांत कवळ्या परत येऊ लागल्या. वडिलांची सर नाही. दात बोलत नाहीत. तीन रेघांची गोष्टच वेगळी होती हो! हात तोच, मेण तेच, सुरीसुद्धा बाबांचीच. बदलली होती ती फक्त खूण. शेवटी काकांनी तिला जवळ बसवून सांगितलं, की वाघाच्या पोटी वाघच यावा असं काही नसतं, त्यात तुझा दोष नाही, थोडे दिवस साच्यांवर बस. तेव्हापासून ती प्लास्टर कालवत होती. तिनं हसावं की रडावं तेच तिला कळलं नव्हतं. दोन्ही करायची सोय नव्हती.

म्हणून ही मुलाखत. पुढचे दात लावणारा कारागीर पाहिजे, चाचणी घेऊन निवड होईल, एवढीच ती जाहिरात. खूण बघून नाही तर काम बघून घेणार असतील, तर तिला भीती नव्हती.

नवी जागा चार मजली होती, काचेची, आत गार. एकला दोन मिनिटं असताना ती पोचली आणि दहा मिनिटं एका गुबगुबीत कोचावर बसून राहिली. म्हणजे बसली, उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. समोरच्या भिंतीवर एका बाईचा मोठा फोटो होता, हसणारा. वरचे सहा दात एका मापाचे, एका रंगाचे, पट्टीनं आखल्यासारखे. यंत्राचे. तिनं नजर दुसरीकडे वळवली.

आधी ऑफिसातल्या बाईंनी बोलावलं. त्यांच्यापुढे छापील प्रश्न होते.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

पाऊण तासानं आपण कुठे असू हेच तिला कळत नव्हतं. "कामावर," ती म्हणाली.

बाईंनी ते लिहून घेतलं. "तुमचा एखादा दुर्गुण सांगा. प्रामाणिकपणे."

'मी दाढ दुखतेय असं सांगून आलेय,' हे जिभेच्या टोकावर आलं होतं. "घाई होते," ती म्हणाली.

"ते दिसतंय," बाई गोड हसल्या. "सारखं घड्याळ बघताय."

एक वीसला तिला वरच्या मजल्यावर नेलं. तिथे मात्र यंत्रांचा आवाज नव्हता. एक लांब टेबल, स्पिरिटचा दिवा, मेणाचा ओळखीचा वास. चाचणी घेणारे गृहस्थ साठीचे, काटकुळे. कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, बोटांवर मेणानं भाजल्याचे जुने डाग. त्यांना तिथे सगळे मास्तर म्हणत होते. ते डाग बघून तिचा जीव जरा खाली पडला.

"तुम्ही त्यांच्या कन्या," मास्तर म्हणाले. "वाईट झालं. मी त्यांना इथे तीनदा बोलावलं होतं. हूं की चूं केलं नाही त्यांनी. दोस्ताला सोडवत नव्हतं. तुम्ही हल्ली काय करता तिथे?"

"साचे ओतते."

"साचे?" मास्तरांच्या भुवया वर गेल्या. त्या 'साचे'मध्ये सगळं आलं. मग त्यांनी खण उघडला आणि फडक्यात गुंडाळलेल्या दोन कवळ्या टेबलावर ठेवल्या. "ही पाच वर्षांपूर्वीची. ही गेल्या वर्षीची. दोन्ही पेशंट वारले, डॉक्टरांकडून मागून घेतल्या मी. नव्यांना शिकवताना दाखवतो. बघा."

तिनं पाहिलं. पहिली बाबांची. दुसरी हातात न घेताही तिनं ओळखली. एका म्हाताऱ्या सुताराची होती ती. पुढचा एक दात तिनं मुद्दाम जरा झिजलेला ठेवला होता, कारण खिळे तोंडात धरून धरून त्याचा खरा दात तसाच झिजला असणार. बाबा त्या वेळी शेजारी डोळे मिटून बसले होते.

"पहिली उत्तम आहे," मास्तर म्हणाले. "पण ही दुसरी! हात आखडायच्या वयात माणूस मोकळा झाला बघा. म्हातारपणी असं एखाद्यालाच जमतं. तुम्हाला असं येईल?"

"करून बघते," ती म्हणाली.

मास्तरांनी साचा दिला, दातांची पेटी दिली आणि एक चिठ्ठी. एकसष्ट वर्षं, बाई, शिक्षिका होत्या, मोठ्यानं बोलतात. वेळ चाळीस मिनिटं. तिनं सुरी दिव्यावर धरली आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तिचे पाय टेबलाखाली हलायचे थांबले. मोठ्यानं बोलणाऱ्या बाईचा वरचा ओठ वर जातो, दात जास्त दिसतात. जन्मभर वर्गावर ओरडलेली बाई. मधले दोन रुंद, शेजारचे किंचित तिरके, एक दुसऱ्याच्या कुशीत शिरलेला. मेण मऊ झालं, दात बसला, सरकला, पुन्हा बसला. पर्समध्ये फोन दोनदा गुरगुरला. तिला ऐकू आला, पण लांबून, शेजारच्या घरातला असावा तसा. हिरडीचा भाग कोरला, कडा गुळगुळीत केल्या, कवळी उलटी केली, आणि सुई उचलून मागच्या कडेशी तीन रेघा ओढल्या.

ओढल्यावर तिनं सुई खाली ठेवली आणि मग तिला दिसलं, आपण काय केलं ते.

बोटानं मेण सारखं करायला ती वाकली, पण मास्तर डोक्यावरच उभे होते.

"राहू दे," ते म्हणाले. "ही कुणाची खूण?"

"चुकून झालं."

"तुमची खूण कुठली?"

"गोल."

"मग गोल चुकून व्हायला हवा होता." मास्तरांचा आवाज चढला नव्हता, पण गोडवा गेला होता. "काम चांगलं आहे. फार चांगलं आहे, खोटं कशाला बोलू? पण मेलेल्या बापाच्या खुणेवर माल खपवणारं माणूस मला माझ्या टेबलावर नको. आज तुम्ही त्यांची खूण चोरलीत, उद्या माझी चोराल. या तुम्ही."

ती उठली. पर्स घेतली. बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्या जागी काकांनी हेच केलं असतं, बाबांनीही. दारापर्यंत गेली, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली. हात दाखवून अवलक्षण झालं होतं, आता निदान पळत गेलं तर सव्वादोनला पोचता येईल. डॉक्टरीणबाईंकडे गर्दी होती म्हणून सांगता येईल. उद्यापासून पुन्हा प्लास्टर. काका म्हणतील थोडे दिवस, मावशी काही विचारणार नाहीत, आणि खणातली ती सुताराची कवळी दरवर्षी नव्या पोरांना दाखवली जाईल. बघा, म्हातारपणी माणूस कसा मोकळा झाला.

तिसरी पायरी तिला उतरवेना.

बाबांना दिलेला शब्द होता. पण शब्द ज्यांना दिला ते गेले, आणि ज्या हातांनी तो पाळला ते साच्यांवर बसले. ती कठड्याला धरून उभी राहिली. खालून कुणीतरी वर आलं, तिला वाट देण्यासाठी थांबलं, ती हललीच नाही, तेव्हा वळसा घालून गेलं. मग ती वळली.

मास्तर टेबलाशीच होते. तिची मेणाची कवळी आणि खणातल्या दोन, तिन्ही ओळीनं मांडून ते खिडकीच्या उजेडात बघत होते.

"ती दुसरी माझी आहे," ती दारातूनच म्हणाली.

मास्तरांनी वर पाहिलं नाही. "मला तेच दिसतंय," ते म्हणाले. "तुमचे वडील डावखुरे. पहिलीत हिरड्यांवर सुरी डावीकडून फिरलीय. या दोन्हींत उजवीकडून. इतके महिने ही कवळी रोज हातात घेतोय मी, आणि आज दिसलं. बसा. कधीपासूनचं हे?"

ती बसली नाही, बसवेना. उभ्या उभ्या बोलत राहिली. आईसुद्धा ज्याविषयी बोलत नव्हती ते ती एका परक्या माणसाला सांगत होती, आणि एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. संध्याकाळचा हात, मग दुपारचा, मग सकाळचा. टेबलाखालून सरकणारे साचे. सहा रेघा. गोल. परत आलेल्या कवळ्या.

"पण सांगितलं का नाही त्यांनी? इतका जिवलग दोस्त मालक असून?"

"निवृत्तीला तीन वर्षं होती," ती म्हणाली. "आणि घरी बसून ते काय करणार होते, हे आम्हाला कुणालाच सुचत नव्हतं."

मास्तरांनी तिची कवळी उलटी करून अंगठ्यानं त्या तीन रेघा पुसल्या. मेण गुळगुळीत झालं.

"एक तारखेपासून या," ते म्हणाले. "ऑफिसला मी सांगतो. पण एक ऐका. तुमच्या काकांचा आणि माझा दर गुरुवारी संध्याकाळी फोन असतो. दातांच्या बाजारात आम्ही दोघंच म्हातारे उरलोत. आज गुरुवार आहे. तुम्हाला कुठून घेतलं, कशावर घेतलं, हे ते विचारणार, आणि मला खोटं बोलता येत नाही. त्याआधी त्यांना तुमच्या तोंडून कळावं."

बाहेर आल्यावर तिनं फोन पाहिला. काकांचे सहा, डॉक्टरीणबाईंचे दोन. अडीच वाजून गेले होते. आता पळायचं कारण उरलं नव्हतं, तरी ती पळाली. नव्या चपलेनं टाच सोलली, तेव्हा चप्पल हातात घ्यावी असंही तिच्या मनात आलं. आनंद झालाय का, हे तपासायला तिला सवडच होत नव्हती. प्रत्येक सिग्नलला ती पहिलं वाक्य ठरवायची आणि रस्ता ओलांडेपर्यंत ते मोडायचं.

काका दारातच उभे होते.

"कुठे होतीस? बाई म्हणतात आलीच नाही! मी म्हटलं रस्त्यात चक्कर आली का काय! मावशींना पाठवणार होतो शोधायला. दाढेचं काय झालं?"

"दाढ दुखत नव्हती काका."

मागे मावशींनी यंत्र बंद केलं. मेणवाल्यानं मान खाली घातली.

"आत चल," काका म्हणाले.

आतली खोली म्हणजे कागदपत्रांचं कपाट, दोन खुर्च्या आणि बाबांचा हार घातलेला फोटो. तिनं फोटोकडे पाठ केली. ठरवलेलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. "मुलाखतीला गेले होते. मास्तरांनी मला घेतलं," एवढं एका दमात निघालं, आणि त्यापाठोपाठ बाकीचं. या वेळी ते लांबलं नाही. सहा-सात वाक्यांतच संपलं. एवढंच होतं ते?

काकांचा चेहरा आधी लाल झाला. "दोन वर्षं?" ते म्हणाले. "दोन वर्षं तुम्ही बापलेकीनं माझ्या नाकासमोर, माझ्याच टेबलावर... मी येड्यासारखा लोकांना छातीठोकपणे सांगत होतो, तीन रेघा म्हणजे काय ते! मी काय त्याला हाकलून देणार होतो? सांग ना! एवढीच माझी किंमत केली त्यानं?"

हाकलून दिलं नसतं, हे तिला माहीत होतं. खुर्ची दिली असती, बाबांना नुसतं बसायला. ते बाबांना नको होतं.

"आणि तुला मी प्लास्टरवर घातलं," काका म्हणाले.

"हो."

"तेव्हा तरी बोलायचंस."

"काय बोलणार होते, काका?"

काका खुर्चीत बसले. टेबलावर त्यांचा जेवणानंतरचा चहा झाकून ठेवलेला होता. त्यांनी बशी काढली, कप उचलला, आणि तसाच हवेत धरून ठेवला. बराच वेळ.

"त्यानं चहा सोडला होता," ते म्हणाले.

तिनं वळून फोटोकडे पाहिलं.

"एकोणतीस वर्षं आम्ही चार वाजता समोरासमोर बसून चहा घेतला. मग एक दिवस म्हणाला, पित्त होतं, बंद केला. मी म्हटलं, तुला कसलं डोंबलाचं पित्त? ऐकेना. रोज चिडवायचो मी त्याला. साधुमहाराज म्हणायचो. भर कारखान्यात, सगळ्यांसमोर. महाराजांना पाणी द्या रे, म्हणायचो." त्यांनी कप खाली ठेवला. "तो पाणीसुद्धा घ्यायचा नाही. आता कळतंय."

"घरी घ्यायचे," ती म्हणाली. "चहा. अर्धा पेला, दोन्ही हातांनी."

"अर्धा?"

"अर्धाच भरायची आई. दोनदा द्यायची."

काकांनी मान हलवली. त्यांना हसू आलं की काय आलं ते तिला कळलं नाही, कारण तेवढ्यात त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळायला लागले. "साधुमहाराज म्हटल्याचा राग यायचा का त्याला?"

हा प्रश्न त्यांनी मालक म्हणून विचारला नव्हता. तिनं खरं तेच सांगितलं. बाबा घरी आल्यावर ते आईला सांगायचे, आणि मग आईसुद्धा त्यांना तसंच हाक मारायची. महाराज, पान वाढलंय. त्यावर ते हसायचे. कधीकधी नाही हसायचे.

"नाही हसायचा?"

"कधीकधी."

बाहेर कुणीही यंत्र सुरू करत नव्हतं. तिला अजून धाप लागलेली होती, टाच झोंबत होती, आणि निघावं की थांबावं ते उमगत नव्हतं. शेवटी तिनं दुसरी खुर्ची ओढली आणि काकांच्या समोर बसली. चार वाजायला अजून बराच वेळ होता, चहा केव्हाच गार झाला होता, तरी काकांनी तो बशीत ओतला, कप तिच्याकडे सरकवला आणि बशी स्वतः घेतली.

"घे," ते म्हणाले. "आणि एक तारखेला सकाळी इथून जा. मी येतो सोडायला. त्या काटकुळ्याला दोन शब्द सुनवायचे आहेत मला."